पेन्शनीत निघालेले आणि न निघालेले

मराठीत नोकरी संपल्यावर माणूस ‘निवृत्त’ होतो ही अलीकडची भाषा. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत तो ‘पेन्शनीत निघायचा’. मामलेदार पेन्शनीत निघाले, मास्तर पेन्शनीत निघाले, सुभेदार पेन्शनीत निघाले. पेन्शन हे जणू एखादे गाव होते, आणि नोकरीच्या लांबलचक वाटेच्या शेवटी तिथे मुक्काम ठरलेला असायचा. पुण्याला ‘पेन्शनरांचे शहर’ म्हणत ते अशाच माणसांमुळे. पण ज्या काळात हा वाक्प्रचार रुजला त्याच काळात गावातला कुणबी, लोहार, मोलकरीण, गिरणीतला साचेवाला पेन्शनीत निघत नव्हता. तो नुसता म्हातारा व्हायचा. हा फरक पैशांचा आहे असे वरवर वाटते. पेन्शनचा आपल्याकडचा दोनशे वर्षांचा इतिहास चाळला की लक्षात येते की फरक मुळात मेहेरबानी आणि हक्क यांच्यातला आहे. जिथे म्हातारपणाचा पैसा मेहेरबानी म्हणून दिला गेला तिथे तो आटत गेला. जिथे तो हक्क ठरला तिथे तो टिकला, वाढला, आणि घेणाऱ्याची मानही ताठ राहिली.

मराठी राज्यात म्हातारपणासाठी वेगळी अशी व्यवस्था नव्हती, पण तिची कामे करणाऱ्या दोन वेगवेगळ्या गोष्टी होत्या. एक वतन. पाटील, कुलकर्णी, महार, जोशी यांची वतने वंशपरंपरेची. वतनदाराचे हातपाय थकले तरी घरातला दुसरा कोणी चाकरी करी आणि हक्काचे उत्पन्न घरात येत राही. वतन ही मालमत्ता होती. तिच्यासाठी भाऊबंद पिढ्यान्‌पिढ्या भांडले ते उगाच नव्हे. दुसरी गोष्ट सरकारच्या मर्जीची. विद्वानांना वर्षासन, लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांना बालपरवेशी. ‘बालपरवेशी’ हा शब्द आज कोशातच उरला आहे, पण कल्पना सुरेख होती: बाप सरकारकामी आला तर लेकराचे पोषण सरकारने करायचे. इंग्रज आले आणि त्यांनी या दोन्ही गोष्टी एकाच चाळणीतून काढल्या. त्यांच्या लेखी वतन, इनाम, वर्षासन आणि पेन्शन हे सगळे सरकारने सोडलेले महसूलच होते. म्हणून कुणाला किती सोडायचे हे ठरवणेही सरकारच्याच हातात.

या दृष्टीचा सर्वांत गाजलेला बळी खुद्द पेशव्यांचे घर. 1818 च्या जून महिन्यात दुसरा बाजीराव असीरगडाजवळ ईस्ट इंडिया कंपनीच्या जॉन मॅल्कमच्या स्वाधीन झाला आणि सालिना 8 लाख रुपयांच्या पेन्शनीवर कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला जाऊन राहिला. मॅल्कमने हात जरा सैल सोडला अशी कंपनीच्या वरच्या मंडळींची तेव्हाच कुरकुर होती. बाजीराव तेहेतीस वर्षे जगला. जानेवारी 1851 मध्ये तो वारला तेव्हा दत्तकपुत्र नानासाहेबाला ती पेन्शन पुढे चालू ठेवायला गव्हर्नर जनरल डलहौसीने नकार दिला. त्याने जो हिशेब मांडला तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. इतकी वर्षे मिळून अडीच कोटींहून अधिक रुपये दिले, मागे सुमारे 28 लाखांची मिळकत शिल्लक आहे, तेव्हा कुटुंबाला आणखी कशाला हवे? नानासाहेबाची बाजू अशी की राज्याच्या बदल्यात ठरलेला तो मोबदला आहे. डलहौसीची बाजू अशी की ती एका माणसाला दिलेली हयातभराची देणगी होती. त्यापुढे काय झाले ते 1857 च्या उठावात कानपूरला दिसले. पेशव्याबद्दल आज कोणाला फारसे वाईट वाटण्याचे कारण नाही, त्याच्या पेन्शनीत शेतकऱ्याचाच घाम होता. पण ‘तुमच्याकडे थोडेफार आहे ना, मग सरकारने का द्यावे’ हा प्रश्न तेव्हापासून आपल्या सरकारी दफ्तरात कायमचा बसला. पुढे 1871 च्या पेन्शन कायद्याने मेहेरबानीच्या या कल्पनेवर शिक्का मारला. सरकारने दिलेल्या पेन्शनीबद्दल किंवा महसुली देणगीबद्दल कोणी दिवाणी कोर्टात दावा लावू नये, लावायचाच तर कलेक्टरचा दाखला आणावा, असे त्यात लिहिले होते. त्याच कायद्यात एक चांगले कलमही होते: सावकाराला पेन्शनीवर जप्ती आणता येणार नाही. म्हणजे पेन्शनीला सावकारापासून संरक्षण मिळाले, सरकारपासून मात्र नाही.

असे असूनही नियमित मिळणाऱ्या पेन्शनीने काय घडू शकते याचा पुरावा कोकणात दापोलीला सापडतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कंपनीच्या आणि मग राणीच्या पलटणीतून निवृत्त झालेली बरीच महार कुटुंबे दापोलीच्या कॅम्पात राहत होती. गावगाड्यातल्या महाराचे पोट बलुत्यावर, म्हणजे सवर्णांच्या मर्जीवर. या मंडळींचे पोट पोस्टातून किंवा खजिन्यातून येणाऱ्या रकमेवर. हा फरक केवळ सोयीचा नव्हता. अशाच पेन्शनरांपैकी गोपाळ बाबा वलंगकर यांनी 1888 मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ हे पुस्तक काढले, ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ उभारली, आणि महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा तिच्याविरुद्ध अर्जाचा मसुदा केला. बलुते बंद होण्याची धास्ती असलेल्या माणसाने हे लिहिले असते का, हा विचार करून पाहावा. सुभेदार रामजी सकपाळ यांचे घरही काही काळ याच दापोलीत होते. पेन्शन मोठी नव्हती. धाकट्या मुलाला पुस्तके घ्यायची तर ते मुलींकडे हात पसरत, त्यांचा एखादा दागिना गहाण टाकत आणि पेन्शन हाती आली की सोडवून आणत, असे त्या मुलानेच, म्हणजे डॉ. आंबेडकरांनी, पुढे सांगून ठेवले आहे. यातली बारकी गोष्ट अशी की दागिना सोडवता यायचा, कारण पैसा येणार हे ठाऊक होते. रक्कम थोडी असली तरी चालते. ती ठरलेल्या वेळी, ठरल्याप्रमाणे, कोणाचे पाय न धरता आली पाहिजे.

सरकारी नोकरांच्या बाबतीत या मेहेरबानीचे हक्कात रूपांतर व्हायला शंभर वर्षे लागली. इंग्रजांच्या नियमावलीत वरच्या दर्जाची नोकरी आणि खालच्या दर्जाची नोकरी असा भेद होता, आणि शिपाई-पट्टेवाल्यांची पेन्शन वेगळ्या, तोकड्या मापाने मोजली जाई. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या कलम 41 मध्ये वार्धक्याचा उल्लेख आला, पण राज्याच्या आर्थिक ताकदीच्या मर्यादेत, आणि तोही मार्गदर्शक तत्त्वांत. म्हणजे न्यायालयात जाऊन मागता येणार नाही असा. खरा बदल न्यायालयांतून झाला. 1971 मध्ये देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन ही सरकारच्या मर्जीवर अवलंबून असलेली देणगी नसून कर्मचाऱ्याची मालमत्ता आहे असे ठरवले. मग 17 डिसेंबर 1982 रोजी नकारा खटल्याचा निकाल आला. सरकारने 1979 मध्ये पेन्शनीचे सूत्र सुधारले होते, पण 31 मार्च 1979 रोजी किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच ते लागू केले. नकारा संरक्षण मंत्रालयात वित्त सल्लागार होते आणि 1972 मध्येच निवृत्त झाले होते, तेव्हा ते बाहेर राहिले. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने, न्या. धी. अ. देसाई यांच्या लेखणीतून, ही तारखेची भिंत पाडली. पेन्शन म्हणजे केलेल्या सेवेचे देणे आणि उतारवयाला दिलेला सामाजिक न्याय, तिथे एकाच वर्गातल्या माणसांत मनमानी फूट पाडता येणार नाही, असा त्याचा गाभा. देशभरचे पेन्शनर 17 डिसेंबर हा आपला दिवस मानतात तो यामुळे. आणि एकदा हक्क ठरल्यावर महागाईप्रमाणे वाढ आणि नव्या वेतन आयोगांचा लाभ जुन्या पेन्शनरांनाही मिळत राहिला. हक्काची वाढ आपोआप होते. मेहेरबानीच्या वाढीसाठी प्रत्येक वेळी मोर्चा काढावा लागतो.

कारखान्यातल्या कामगाराचे काय? त्याच्यासाठी 1952 चा भविष्य निर्वाह निधी कायदा झाला. सुरुवातीला सहा उद्योगांना तो लागू झाला आणि त्यात कापड उद्योग होता, म्हणजे गिरणगाव आले. पण पीएफ ही एकरकमी गोष्ट. ती मुलीच्या लग्नात, गावच्या घराच्या कौलांत, सावकाराच्या फेडीत जायची आणि पुढची वीस वर्षे रिकामी राहायची. 1982 च्या संपानंतर अडीच लाखांतले कितीतरी गिरणी कामगार कोकणात आणि घाटावर परतले तेव्हा हे रिकामेपण उघडे पडले. 16 नोव्हेंबर 1995 पासून कर्मचारी पेन्शन योजना आली; मालकाच्या वाट्यातून पगाराच्या 8.33 टक्के तिच्यात जाऊ लागले. सूत्र असे की पेन्शनपात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तराने भागायचे. पगाराची कमाल मर्यादा 15,000 रुपये धरली तर पस्तीस वर्षे राबणाऱ्याला 7,500 मिळतील. एसटीचा चालक, साखर कारखान्यातला फिटर, सहकारी संस्थेतला कारकून यांच्या हाती प्रत्यक्षात पडतात ते बहुधा एक ते तीन हजार. 2014 च्या सप्टेंबरात किमान पेन्शन 1,000 रुपये ठरली. त्यानंतरच्या दहा वर्षांत बाजारभाव दीडपटीहून अधिक झाले, आकडा तिथेच. बुलढाण्याला या पेन्शनरांनी वर्षानुवर्षे चालवलेले साखळी उपोषण हे मोर्चा काढावा लागण्याचे ताजे उदाहरण. तरी या इतिहासात महाराष्ट्राचे एक स्वतःचे पान आहे, आणि त्याची जरा जास्त आठवण ठेवायला हवी. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. हमालाला एक मालक नसतो. सकाळी एका व्यापाऱ्याची पोती, दुपारी दुसऱ्याची. म्हणून त्याला पीएफ, ग्रॅच्युइटी देता येत नाही असेच सगळे म्हणत. कायद्याने मंडळे नेमली, मजुरीवर मालकांकडून लेव्ही घेतली आणि तीच रक्कम हमालाच्या नावे जमा केली. असंघटितांना देता येत नाही, हे विधान 1969 मध्येच खोटे ठरले होते.

बाकीच्यांच्या, म्हणजे बहुसंख्यांच्या, वाट्याला आल्या त्या योजना. अंतुले मुख्यमंत्री असताना 1980 मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. 15 ऑगस्ट 1995 रोजी केंद्राने वृद्धांसाठी दरमहा 75 रुपये द्यायला सुरुवात केली. 2006 मध्ये ते 200 झाले. पुढे ऐंशी वर्षांवरच्यांना 500 मिळू लागले, त्याखालच्यांचा केंद्राचा वाटा अजून 200 आहे. 1995 पासून कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक सहापटीच्या आसपास वाढला आहे. तेव्हाचे 75 रुपये तेवढेच राखायचे तर आज 450 लागतील. म्हणजे ‘वाढवून’ दिलेले 200 मूळच्या 75 पेक्षा निम्म्याहून कमी किमतीचे आहेत, आणि हे कोणत्याही मंत्र्याने कपात न करता घडले. महाराष्ट्र स्वतःचे पैसे घालतो हे खरे. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेची रक्कम 600 वरून 2019 मध्ये 1,000 आणि 2023 मध्ये 1,500 झाली. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत 2,000 मिळतात. पण अटी पाहाव्यात. वय 65 आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत ही मर्यादा वर्षानुवर्षे तशीच ठेवली, अनुदान 1,500 झाले तेव्हाही. 21,000 म्हणजे महिन्याला 1,750. संपूर्ण कुटुंब महिन्याला 1,750 रुपयांत जगत असल्याचा दाखला तहसीलदाराकडून आणायचा, मग म्हाताऱ्याला 1,500 मिळणार. असा दाखला प्रामाणिकपणे मिळू शकत नाही. तो मिळतो तेव्हा तलाठी, तहसीलदार आणि अर्जदार तिघेही डोळे झाकतात, आणि जो झाकलेल्या डोळ्यांवर जगतो तो मान वर करून मागू शकत नाही. डलहौसीचा प्रश्न इथे दीडशेहून अधिक वर्षांनी पुन्हा भेटतो, फक्त पेशव्याऐवजी समोर शेतमजूर आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस एक विचित्र गोष्ट झाली. असंघटित वृद्धांच्या उत्पन्नाचा प्रश्न सोडवायला केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने 1998 मध्ये सु. अ. दवे यांच्याकडे ‘ओएसिस’ प्रकल्प सोपवला. 2000 च्या जानेवारीत अहवाल आला: वैयक्तिक खाती, बाजारातली गुंतवणूक. अहवाल लिहिला गेला रिक्षावाल्यांसाठी आणि लागू झाला कारकुनांना. 1 जानेवारी 2004 पासून केंद्राच्या नव्या कर्मचाऱ्यांची आणि 1 नोव्हेंबर 2005 पासून महाराष्ट्राच्या नव्या कर्मचाऱ्यांची निश्चित पेन्शन गेली. म्हणजे ज्यांच्याकडे काही नव्हते त्यांना द्यायच्या नावाखाली ज्यांच्याकडे होते त्यांचे काढून घेतले. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही आरोळी देत मार्च 2023 मध्ये राज्यभरचे कर्मचारी, शिक्षक, परिचारिका आठवडाभर संपावर गेले. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने पंचवीस वर्षे सेवा करणाऱ्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, दहा वर्षांच्या सेवेला किमान 10,000 आणि वर महागाई भत्ता अशी एकीकृत योजना मान्य केली. बाजाराच्या भरवशावर म्हातारपण सोडता येत नाही हे सरकारने वीस वर्षांनी कबूल केले असाच याचा अर्थ.

म्हातारपणाचा पैसा सर्वांना हक्क म्हणून मिळावा यावर पहिला आक्षेप तिजोरीचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जुनी पेन्शन कोणत्याही निधीवर उभी नव्हती. आजच्या करातून कालच्या नोकराला द्यायचे. वेतन, पेन्शन आणि व्याज यांतच राज्याच्या महसुलाचा मोठा वाटा जातो, आणि काही लाखांसाठी बाकीच्या कोट्यवधींनी किती सोसायचे असे विचारणाऱ्याला वेड्यात काढता येणार नाही. कर्मचाऱ्याने आपल्या पगारातून वाटा घालावा हे म्हणूनच योग्य. पण या आक्षेपातून निघणारा ‘म्हणून सर्वांचीच पेन्शन तोकडी ठेवा’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. महाराष्ट्राने एकदा याहून अवघड गोष्ट करून दाखवली आहे. दुष्काळानंतर वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना उभी राहिली तेव्हाही पैसा कुठून आणणार हाच प्रश्न होता. उत्तर म्हणून 1975 मध्ये व्यवसाय कर बसला, शहरातल्या पगारदारावर, आणि खेड्यातल्या मजुराला काम मिळण्याचा कायदेशीर हक्क 1977 च्या कायद्याने मिळाला. आजही महिन्याच्या पगारपत्रकात कापले जाणारे 200 रुपये त्याच कराचे आहेत. हक्क आधी ठरला की पैशाची वाट काढावी लागते. योजना नुसती जाहीर झाली की पैसा उरला तर मिळतो. शेजारच्या नेपाळचे उदाहरण तर लाजवणारे आहे. मनमोहन अधिकारींच्या सरकारने 1994-95 मध्ये पंचाहत्तरीवरच्या सर्वांना, उत्पन्नाचा दाखला न मागता, महिना 100 नेपाळी रुपये सुरू केले. भारताचे 75 आणि त्यांचे 100 जवळजवळ एकाच सुमारास निघाले. आज तिथली रक्कम 4,000 नेपाळी रुपये आहे आणि वयाची अट खाली आली आहे.

दुसरा आक्षेप बोगस लाभार्थ्यांचा. यादीत मेलेली नावे असतात, पुढाऱ्यांच्या ओळखीचे धडधाकट लोक असतात, हे खोटे नाही. पण हा रोग अटींतून वाढतो. जितके दाखले तितकी दारे, आणि जितकी दारे तितके दारवान. जिथे फक्त वय पाहायचे तिथे खोटे बोलायला एकच जागा उरते. 2012 मध्ये बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने पेन्शन परिषद दिल्लीच्या जंतरमंतरवर बसली तिची मागणी हीच होती: सर्वांना, किमान वेतनाच्या निम्म्याने, महागाईशी जोडलेली. पुण्याच्या हमाल पंचायतीच्या आढावांनी ती मागावी यात नवल नाही. ओझी उचलणाऱ्याचे शरीर साठीच्या कितीतरी आधी पेन्शनीत निघते, आणि घासून गेलेल्या बोटांचे ठसे यंत्राला मिळेनासे होतात ते वेगळेच.

सर्वांत जिव्हाळ्याचा आक्षेप घराचा. आपल्याकडे मुले आईवडिलांना बघतात, सरकार मध्ये पडले तर मायेचा धागा तुटेल, असे अनेक सज्जन मनापासून मानतात. योजनेला श्रावणबाळाचे नाव देणाऱ्यांच्या मनातही हेच असावे. पण इतिहासात उलटे दिसते. दापोलीच्या पेन्शनराच्या घरात मुलगा शिकला, मुलींचे दागिने परत आले. म्हाताऱ्याच्या हातात पैसा असताना घर तुटले नाही, त्याच्याभोवती बांधले गेले. शिवाय शेतीच्या तुकड्यावर किंवा कंत्राटी कामावर जगणाऱ्या मुलाकडे दोन पिढ्या पोसायचे बळ कुठून येणार, हे सरकारलाही ठाऊक आहे. 2007 मध्ये केंद्राने मातापिता आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा केला. मुलगा बघत नसेल तर आईवडिलांना न्यायाधिकरणात जाता येते, आणि न्यायाधिकरण त्याच्याकडून दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता वसूल करू शकते. श्रावणबाळाच्या नावाने राज्य स्वतः देते ते 1,500.